जुन्या फियाटचं इंजिन आणि गोव्याची हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः १०८९ सीसीच्या फियाट इंजिनाबद्दल आहे, म्हणजे फियाट ११००, डिलाइट, प्रीमियर प्रेसिडेंट आणि पद्मिनी. मॉरिस मायनर, ऑस्टिन किंवा स्टँडर्ड हेरल्ड दारात असलेल्यांनाही बरंचसं लागू पडेल, कारण चार सिलिंडर, कार्बोरेटर आणि पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा भाग) हा संसार सगळ्यांचा सारखाच. फोक्सवॅगन बीटलवाल्यांनी पाण्याचे प्रश्न सोडून द्यावेत, त्यांचं इंजिन हवेवरच थंड होतं.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती चवथीच्या तोंडावर. मे अखेरीला ताडपत्रीखाली गेलेली गाडी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या) बाजाराला बाहेर काढायची असते आणि ती ढिम्म हलत नाही. त्यामुळे खालच्या उत्तरांत पाऊस पुन्हा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

हे इंजिन नेमकं कुठल्या काळातलं?

रचना १९३७ची. त्या वर्षी फियाटने इटलीत ५०८ सी नावाची गाडी काढली. तिच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५. हीच मापं १९५३च्या ११००-१०३ या गाडीत आली आणि पुढे मुंबईत प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात अखेरपर्यंत टिकली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी. १९६४मध्ये डिलाइट आली, १९७२मध्ये तिचं प्रेसिडेंट झालं आणि १९७४मध्ये पद्मिनी. इटलीतल्या ११०० डीला १२२१ सीसीचं मोठं इंजिन मिळालं, आपल्याकडे मात्र १०८९च राहिलं. इटलीने ही गाडी १९६९मध्ये बंद केली, कुर्ल्याने २००० सालाच्या आसपास.

ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि वर पुशरॉड-रॉकर. ताकद ४० हॉर्सपॉवरच्या घरात. यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, त्यामुळे बिघाड कानाने, नाकाने आणि बोटाने सापडतो. ज्याला ऐकायचा कंटाळा आहे त्याने ही गाडी घेऊ नये.

आमची फियाट आजोबांनी पोर्तुगीज अमलात घेतलेली. तिला कुर्ल्याचे पार्ट बसतील का?

पोटातलं सामान, म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, बहुतेक बसतं, पण आधी माप घ्या आणि मगच पैसे द्या. विजेचं सामान वेगळं. मुक्तीपूर्वी गोव्यात गाड्या युरोपातून थेट बोटीने यायच्या आणि इटालियन फियाटवर डिस्ट्रिब्युटर, डायनामो मॅग्नेटी मारेल्लीचे असत. त्यांची कॅप आणि रोटर भारतीय बनावटीच्या सामानाशी जुळत नाहीत. अशी कॅप शाबूत असेल तर तिला दागिन्यासारखी जपा.

पान्यांचंही लक्षात ठेवा. फियाट पूर्ण मेट्रिक आहे. मॉरिस, ऑस्टिन इंचाच्या पान्यांवर चालतात. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर १३चा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की कोपरे गोल करून सुटतो आणि मग तो बोल्ट छिनीशिवाय निघत नाही. गोव्यातल्या कितीतरी जुन्या मॉरिसच्या बोल्टांचे कोपरे असे गेलेले दिसतील.

जाता जाता सांगतो. पोर्तुगालने १९२८मध्ये वाहतूक उजव्या बाजूने केली, पण शेजारच्या ब्रिटिश मुलखामुळे गोवा डावीकडूनच चालत राहिला.

गाडी किती वेळा चालवावी?

आठवड्यातून एकदा, निदान अर्धा-पाऊण तास, इंजिन पुरतं तापेपर्यंत आणि तापल्यावर आणखी थोडी. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंड असेल तर त्यातलं काही रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या पात्रात) उतरतं, ऑइलमध्ये मिसळतं आणि जळक्या वायूंबरोबर त्याचं आम्ल होतं. रॉकर कव्हरवरचं ऑइलचं झाकण काढून आतून बघा. पांढरट-पिवळा, लोण्यासारखा थर असेल तर तुमची गाडी सुरू होते खरी, पण तापत नाही. हेड गॅस्केट गेल्यावरही असाच थर येतो, म्हणून घाबरण्याआधी गाडी तासभर चालवून आणा. थर गेला आणि रेडिएटरचं पाणी कमी झालं नाही, तर गॅस्केट ठीक आहे.

अंगणात पाच मिनिटं रेस करून ‘सुरू आहे हो’ म्हणत बंद करणं हे अजिबात न चालवण्यापेक्षा वाईट. गोव्यात जुन्या गाड्या चालून झिजलेल्या कमी दिसतात. बसून, गंजून आणि असं अर्धवट सुरू करून मेलेल्याच जास्त. फोंड्याचा माणूस असेल तर बोरीच्या पुलापर्यंत जाऊन यावं, डिचोलीचा असेल तर साखळीवरून फेरी मारावी. बाजाराची पिशवी घेऊन गेलात तर घरच्यांची बोलणीही वाचतात.

पावसाळ्यात गाडी बंदच ठेवायची असेल तर?

ठेवा, पण नीट ठेवा. ऑइल मे महिन्यात बदला. पुष्कळ जण ‘चार महिने उभीच राहणार, मग बदलू’ म्हणतात आणि आम्लाने भरलेलं काळं ऑइल बेअरिंगवर जून ते सप्टेंबर बसू देतात.

मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवा आणि प्लग परत लावा. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरा. टाकीत रिकामी जागा जितकी जास्त, तितकी दमट हवा आत. कार्बोरेटरची वाटी मात्र रिकामी करा. बॅटरीची अर्थची वायर सुटी करा. हँडब्रेक लावून ठेवू नका, लाइनर ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी गुटके लावा. क्लच प्लेटही फ्लायव्हीलला चिकटते, म्हणून पेडल दाबून त्याला काठीचा टेकू देणारे जाणकार आहेत. कल्पना चांगली आहे, फक्त काढायचं विसरू नका.

ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका. खाली जमिनीतून ओल येते, वर प्लास्टिक, आत घाम. जुनी सुती चादर गाडीवर आणि ताडपत्री वर वाशांवर ताणलेली, चारी बाजूंनी वारा खेळता, हे उत्तम. चिऱ्याच्या शेडमध्ये मातीची जमीन असेल तर गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरा.

सायलेन्सरचं तोंड, एअर क्लीनरचं तोंड आणि टाकीची हवा घेणारी नळी जाळीने बांधा. उंदरांचं सगळ्यांना ठाऊक असतं, कुंभारीण माशीचं ध्यानात राहत नाही. ती त्या बारीक नळीत मातीचं घर बांधते आणि मग गाडी सुरू होऊन दहा मिनिटांत पेट्रोल न मिळाल्यागत बंद पडते. टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येऊन पुन्हा चालू होते. हा आवाज आला की कार्बोरेटर खोलू नका, नळी साफ करा.

बरीच वर्षं बंद असलेली गाडी मिळाली आहे. बॅटरी लावून स्टार्टर मारू का?

नको. चांगलं इंजिन मारण्याचा तो सोपा मार्ग आहे. कुठल्यातरी सिलिंडरमध्ये गंजाचा पापुद्रा धरलेला असतो, स्टार्टरचा झटका बसला की रिंग तुटते.

आधी प्लग काढा. चारही सिलिंडरांत डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं मिसळून थोडं सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच पुढेमागे ढकला, किंवा पुलीच्या बोल्टला पाना लावून फिरवा. फिरत नसेल तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडा, आणखी थांबा. फिरलं तर दोन पूर्ण फेरे घ्या आणि रॉकर कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते बघा. एखादा वरच अडकला असेल तर त्याच्या स्टेमला ऑइल लावून हलक्या हाताने सोडवा, नाहीतर पुशरॉड वाकेल.

त्यानंतर जुनं ऑइल काढा. सम्प, म्हणजे तेच तळचं ऑइलचं पात्र, उतरवता आला तर फारच बरं, तळाशी काळा चिखल असतो आणि तोच ऑइल पंपाची जाळी बुजवतो. टाकीतलं जुनं पेट्रोल बाहेर काढा, त्याला वार्निशसारखा वास येईल. रबरी नळ्या सगळ्या नव्या. रेडिएटरमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी खाली थेंब आहेत का बघा. आता प्लग न लावता स्टार्टर मारा. प्लग नसल्याने इंजिन हलकं फिरतं आणि बेअरिंगांवर भार न पडता ऑइल वर चढतं. ऑइलचा दिवा विझला किंवा काटा हलला की प्लग लावून सुरू करा.

पहिल्या दिवशी निळा धूर येणारच, तुम्हीच आत ऑइल ओतलं आहे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुनं इंजिन खराब होतं का?

इंजिनाच्या लोखंडाचं फारसं बिघडत नाही. रबर, बूच आणि मिश्रधातूंचं बिघडतं. पंपाचा पडदा, जुन्या नळ्या, बुचाची गॅस्केटं इथेनॉलमध्ये फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. इंजिनाच्या डोक्यावर गळणारी पेट्रोलची नळी म्हणजे आगीला आमंत्रण, म्हणून पहिला खर्च तिथे करा. इथेनॉल सोसणाऱ्या, फ्लोरो-रबराचं अस्तर असलेल्या नळ्या मिळतात, त्या घ्या. दुकानदार साधी काळी नळी देऊन ‘सगळे हीच लावतात’ म्हणेल, ऐकू नका.

दुसरी गोष्ट ओल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गोव्याच्या जुलैत टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केली की पाणी जमत जातं, आणि प्रमाण फार वाढलं तर पाणी व इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. पंप तळातूनच ओढतो. पत्र्याची टाकीही तळातूनच गंजते. काचेची वाटी असलेला फिल्टर टाकी आणि पंपाच्या मध्ये लावा. पाणी आलं की वाटीच्या बुडाशी वेगळा थेंब डोळ्यांना दिसतो.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो, सोलेक्स कार्बोरेटरला ते कळत नाही. लक्षणं अशी : पिकअप देताना गाडी गचके खाते, कार्बोरेटरमधून ‘फट्’ आवाज येतो, प्लग पांढरेफटक दिसतात आणि गाडी पूर्वीपेक्षा तापते. अशा वेळी मेन जेट किंचित मोठा घालावा. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा ११५चा जेट काढून १२० घातला, तर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. एवढं बहुधा पुरतं. जुन्या जेटमध्ये सुई घालून भोक वाढवणारे मेस्त्री अजून आहेत, त्यांच्या हाती कार्बोरेटर देऊ नका. एकदा वाढवलेलं भोक परत लहान होत नाही.

मायलेज थोडं घटणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते.

मग महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालू का?

गरज नाही. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो आठच्याही खाली आहे, साध्या पेट्रोलवर ते नॉकिंग (भारात खडखड) करत नाही. करत असेल तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे गेलं आहे किंवा हेडमध्ये कार्बन साठला आहे.

शिशाचं पेट्रोल बंद झाल्यामुळे व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) झिजून आत बसतात म्हणे?

शिसंयुक्त पेट्रोल देशभरातून फेब्रुवारी २०००मध्ये गेलं. शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीटमध्ये पातळ थर धरून झीज थोपवायचं, हे खरं. पण सीट बसतात त्या सतत वेगात आणि भारात धावणाऱ्या इंजिनांच्या. म्हापसा-पणजीच्या वाहतुकीत तासाला चाळीसने चालणाऱ्या फियाटची ही काळजी नव्हे. कधी हेड उतरवलंच तर एक्झॉस्टला कडक सीट टाकून घ्या. तोवर टॅपेटचं अंतर (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) वरचेवर तपासा, ते आपोआप कमी होत जात असेल तर सीट बसते आहे.

ऑइल कुठलं?

२०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल. या कॅमशाफ्टवर सपाट टॅपेट घासतात, त्यांना झिंक-फॉस्फरसवालं ऑइल लागतं. नव्या गाड्यांच्या पातळ सिंथेटिकमध्ये ते कमी असतं, शिवाय ते जुन्या सीलांमधून गळतं. वर्षातून एकदा बदला, किलोमीटर कितीही कमी झाले असोत.

घाटात पाणी उकळतं. चोर्ला चढवत नाही. काय करू?

आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) आहे का बघा. आपल्याकडे मेस्त्री तो काढून फेकतात, ‘गरम हवेत कशाला?’ म्हणून. थर्मोस्टॅटशिवाय पाणी रेडिएटरमधून न थांबता पळतं, सपाटीवर इंजिन नीट तापत नाही आणि वर सांगितलेली ओल-आम्लाची कहाणी सुरू होते. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून बघा. उघडला तर चांगला आहे, परत बसवा.

उकळण्याची कारणं बहुतेकदा दुसरीच असतात. एक, रेडिएटरच्या नळ्या आतून खडी धरून बुजलेल्या. गाडी तापवून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवा. जिथे थंड पट्टा लागेल तिथून पाणी जात नाही. दोन, फॅनबेल्ट ढिला. तीन, टायमिंग मागे पडलेलं. इंजिन ओढत नाही, तुम्ही ॲक्सिलरेटर जास्त दाबता आणि सगळी उष्णता एक्झॉस्टकडे. चार, वर म्हटलेलं ई-२०चं पातळ मिश्रण. लोक पहिल्या कारणाशीच थांबतात.

पाणी विहिरीचं घालू नका. किनाऱ्याकडच्या विहिरींत खारेपणा असतो, आणि बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि खारं पाणी एकत्र आले की हेडची पाण्याची भोकं कुरतडली जातात. डिस्टिल्ड वॉटर आणि ॲल्युमिनियमला चालणारं कूलंट, दोन वर्षांनी बदलायचं.

अनमोड असो की चोर्ला, खालच्या गिअरमध्ये चढा. इंजिन जरा फिरतं ठेवलं तर पंखा आणि पाण्याचा पंपही फिरतो. वरच्या गिअरमध्ये रडत रडत चढवलेली गाडी आधी उकळते. उकळलीच तर बाजूला घ्या, बॉनेट उघडा, अर्धा तास थांबा. झाकण लगेच उघडू नका, तोंड भाजेल. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड वाकतं.

घाट उतरून चहाला थांबलो आणि गाडी सुरूच होईना. थंड झाल्यावर झाली. हे काय?

पेट्रोलची वाफ. पंप ब्लॉकला चिकटलेला असतो. गाडी थांबली की वारा बंद, ब्लॉकची उष्णता पंपात शिरते, नळीत वाफ अडकते आणि पंप ती ओढू शकत नाही. ओलं फडकं पिळून पंपावर ठेवा, पाच मिनिटं थांबा. चोक ओढू नका, आधीच प्लग भिजलेले असू शकतात. हे वारंवार होत असेल तर नळी मॅनिफोल्डपासून लांबून फिरवा.

पाऊस पडला की मिसिंग करते. कोरड्या दिवशी काही नाही.

विजेचा करंट ओलीतून पळतो आहे. रात्री, अंगणातला दिवा बंद करून, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि बघा. प्लगच्या वायरींवर, कॉइलच्या मानेजवळ, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसतील. जिथे दिसतील तो भाग बदला. हात लावू नका, झटका चांगलाच बसतो. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ असेल तर ती कॅप गेली, कितीही पुसा. रेघ नसेल तर कोरड्या सुती कपड्याने आत-बाहेर पुसून लावा.

कॅप ठीक असेल तर पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली करंट जोडणारी-तोडणारी जोडी. गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, फीलर गेजने (फट मोजायच्या पट्ट्यांनी). व्हिजिटिंग कार्डाने किंवा ब्लेडने नव्हे. पॉइंटच्या एका तोंडावर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा दिसला तर कंडेन्सर गेला आहे. पॉइंट घासून उपयोग नाही, आठवड्यात पुन्हा तेच. आजकाल नवे म्हणून मिळणारे कंडेन्सर काही दिवसांतच दगा देतात, म्हणून जुना चालू कंडेन्सर कधी फेकू नका.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का?

बसवा, गोव्याच्या दमटपणात त्याचा फायदा आहे. फक्त ते बंद पडलं की रस्त्यात दुरुस्त होत नाही. जुनी पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि स्क्रूड्रायव्हर डिकीत असू द्या.

टॅपेटचा टकटक आवाज येतो. कसून घेऊ?

थोडी टकटक असू दे. एकदम गप्प टॅपेट जास्त धोक्याचा. अंतर उरलं नाही की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, टेकल्याशिवाय तो थंड होत नाही आणि कडेने जळतो. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेलं अंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेजने लावा. इनटेक आणि एक्झॉस्टचं अंतर वेगळं असतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, हे रॉकर कव्हरच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलं तर प्लगच्या वायरी उलटसुलट लागत नाहीत.

धुरावरून काय ओळखावं?

सकाळी सुरू करताना निळा झोत येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल उतरतंय. घाई नाही. चढावर पिकअप देताना सतत निळा, तर रिंगा. काळा म्हणजे चोक अडकला किंवा कार्बोरेटरची सुई गळते. दाट पांढरा आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा असेल तर पाणी आत जातंय, चालवू नका. पावसाळ्यात सकाळची पांढरी वाफ येते, ती धूर नव्हे.

मेस्त्री म्हणतो इंजिन बांधायला झालं. खरं कसं कळणार?

कॉम्प्रेशन मोजून. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि एकेका भोकात गेज लावून स्टार्टर मारायचा. चारही आकडे एकमेकांजवळ असतील तर इंजिन अजून चालेल, मग ते थोडे कमी का असेनात. एखादाच फार खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. व्हॉल्व्हसाठी हेड उतरवणं हे चार दिवसांचं काम आहे, त्यासाठी अख्खं इंजिन खाली घेणाऱ्याला नमस्कार करून निघा.

बोअर मारायचाच असेल तर लेथच्या कामाला बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जा. क्रँक, बोअर, हेड फेसिंग करणारे मुरलेले हात तिथे अजून आहेत. पिस्टन आधी हातात घ्या, मग त्या मापाला बोअर मारायला सांगा. उलटं केलंत तर बोअर एका मापाचा आणि पिस्टन दुसऱ्या, असं होऊन बसतं.

सुटं सामान मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि ऑपेरा हाउसला शोधावं लागतं. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे नवं सामान बनवण्यात कुणाला रस उरलेला नाही. पंपाचे पडदे, पॉइंट, रोटर, पाण्याच्या पंपाचं किट, हेड गॅस्केट : दिसेल तेव्हा एक जास्त घेऊन ठेवा.

गाडी पन्नास वर्षांवरची आहे. व्हिंटेज म्हणून नोंदवावी का?

जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी अशी नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. नव्याने नोंदणी झाली तर नंबरात ‘व्हीए’ येतं, आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. म्हणजे जीडीए, जीडीबीवाल्यांनी घाबरायचं कारण नाही.

अट मात्र नीट वाचा. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. दर आठवड्याला बाजाराला न्यायची गाडी असेल तर मी साधी नोंदणीच ठेवीन आणि दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण करून घेईन. व्हिंटेजची पाटी लावून शेडमध्ये उभी राहिलेली गाडी इंजिनाच्या दृष्टीने वाईटच.

पीयूसीत नापास होते.

मार्च २०००पर्यंत बनलेल्या चारचाकीला मर्यादा सैल आहे : कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के, हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. थंड इंजिन, अर्धवट ओढलेला चोक आणि मळलेला एअर क्लीनर ही नापासाची नेहमीची कारणं. वीस मिनिटं चालवून थेट केंद्रावर जा, रांगेत इंजिन बंद करू नका. स्लोचा मिश्रणाचा स्क्रू आत घेत जा, इंजिन अडखळायला लागलं की जरासा बाहेर सोडा.

हँडल मारून गाडी सुरू करताना हात मोडतो म्हणतात. खरं का?

टायमिंग पुढे असेल तर इंजिन उलटा झटका देतं, आणि अंगठा हँडलभोवती गुंडाळलेला असेल तर मनगट जातं. अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल खाली दाबू नका, खालून वर ओढा, म्हणजे झटका आला तरी ते हातातून सुटून जाईल. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, चोक ओढलेला. दोन फेरे स्वीच बंद ठेवून, मग स्वीच चालू करून एकच झटका.

शेड नाही. झाडाखाली लावली तर चालेल?

आंब्याखाली चिकटा पडतो, तो धुता येतो. माडाखाली नको.